मोठ्याच्या नावाची मूठ

कॉमिक्समधला हिरो मेला तरी धंदा बुडू नये म्हणून कंपनी दुसऱ्याला त्याचा मुखवटा चढवते, हे मला आणि माझ्या मोठ्या भावाला शाळेत असतानाच कळलं. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून धुळ्याला गेलो की बसस्टँडजवळच्या टपरीवरून आम्ही हिंदी कॉमिक्स भाड्यानं आणायचो. आमचा लाडका मुखवटेवाला एका अंकात मेला आणि पुढच्याच अंकात त्याचा चेला तोच मुखवटा घालून गच्च्यांवरून उड्या मारायला लागला. मला काही वाटलं नाही, मारामारी झकास होती. भाऊ मात्र फुरंगटून बसला. "मुखवटा त्यानाच शे, पन हाऊ तो नही," म्हणाला आणि त्या दिवशी धड जेवलासुद्धा नाही.

पुढे कंपनीनं त्याहून मोठा उद्योग केला. सगळी गोष्टच पुसून पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केली. आधी घडलेलं काही घडलंच नाही असं वाचकानं समजायचं! तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, तरी भावानं गल्लीत उभं राहून त्या कंपनीला शिव्या घातल्या.

तो भाऊ काविळीनं गेला तेव्हा त्याची मुलगी दुसरीत होती. वर्षश्राद्ध झालं आणि भाऊबंद आमच्या ओट्यावर जमले. मी बिनलग्नाचा, वहिनी तरुण, पोर लहान. पाट लावायचा, म्हणजे विधवा भावजयीशी धाकट्या दिरानं लग्न करायचं, असं ठरलं. वहिनीला विचारलं, मलाही विचारलं. आमच्याकडे अशा वेळी विचारणं म्हणजे सांगणंच असतं. देवळात चार माणसांत लग्न उरकलं. आजही तिला हाक मारायची झाली की 'वहिनी' ओठांवर येतं. ते गिळून मी नुसतं 'ऐका ना' म्हणतो.

मग घरानं पहिला अंक काढला. भावाचे शर्ट मला, मोटारसायकल मला, जेवायला बसायची त्याची भिंतीकडची जागाही मला. माझ्या आत्यानं त्याचा फोटो उतरवून कोठीघरात ठेवला आणि पोरीला बजावलं, "काका नको म्हनू आते. पप्पा म्हन." पोरीनं पप्पा म्हटलं नाही आणि काका म्हणणंही सोडलं. हाकच बंद. काही हवं असलं की जवळ येऊन गुपचूप माझी बाही ओढायची. माझा जळफळाट व्हायचा. मला कुणाची जागा नको होती, माझा 'काका' परत हवा होता.

तिला बोलतं करावं म्हणून मी जुनी कॉमिक्स काढली. तिनं जुने अंक वाचले, नवा पहिला अंकही वाचला आणि एकदाचं तोंड उघडलं.

"जुन्यात ह्याला मुलगी होती. नव्यात कुठे गेली?"

"नव्या गोष्टीत त्याचं लग्नच झालेलं नाही."

"म्हणजे ती मेली?"

"नाही गं. ती झालीच नाही."

बोललो आणि जीभ चावली. तिनं अंक मिटला आणि मला परत दिला. त्यानंतर कॉमिक्सला तिनं हात लावला नाही.

श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. भाऊ गेला त्या वर्षी दुखवट्यामुळे ती बसवली नव्हती, म्हणून त्याच्यानंतरचे हे पहिलेच रोट. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक हयात पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, गेलेल्याच्या नावानं काढत नाहीत. भावकीतल्या बायका जमल्यावर आईनं सूप पुढ्यात घेतलं. वडिलांचं नाव घेऊन गहू टाकले. मग मोठ्याचं नाव घेऊन टाकले आणि गव्हाच्या गोणीचं तोंड बांधायला लागली.

"आई, चुकलीस," मी म्हणालो.

"नही. मोठानी मूठ तीच आते तुनी."

माझं डोकं सणकलं. मेला होता भाऊ आणि घरातून वजा झालो होतो मी! बायकांच्या देखत आईवर ओरडणार, तेवढ्यात दाराशी उभी असलेली पोरगी बोलली.

"आजी, काकांची राहिली."

किती दिवसांनी ऐकला तो शब्द! मला इतकं बरं वाटलं की राग कुठल्या कुठे गेला. आईनं मात्र मोठ्याच्या नावाचे गहू सुपातून पुन्हा मुठीत घेतले आणि हात गोणीपाशी नेला. तिनं पोरीला विचारलं,

"मंग तुना बापनी परत टाकी देऊ का? जित्ता मानसे दोनच शेतस."

आई दुष्टपणे बोलत नव्हती. आपल्या पोराचं नाव देवीपुढे घ्यायला तिला एवढी एकच वाट उरली होती, हे मला तेव्हा दिसलं. पोरगी त्या मुठीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. कुणी तिला काही शिकवलं नाही, कुणी काही सुचवलं नाही.

"नको, राहू दे ती सुपात," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही सूप धरा."

बायकांचा जीव भांड्यात पडला. आत्यानं पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. बापाचे गहू सुपात राहावेत म्हणून तिनं मला बाप म्हटलं होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, पण सूप माझ्या हातात होतं.