कोपरा फाटलेलं कार्ड

आरोंद्याला खाडीकाठी आनंदीच्या सासरी पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात तीन पिढ्यांचे कागद होते, आणि गंमत अशी की घरात वाचता कोणालाच येत नव्हतं. आजेसासऱ्याच्या गलबताचे पोर्तुगीज परवाने, सासऱ्याने कराचीहून कोणाकडून तरी लिहून घेऊन धाडलेली पत्रं, आणि नवरा लवू मुंबईच्या गोदीत लागल्यापासून महिन्याला येणारी त्याची कार्डं. पावसाळा सरला की सासू, हौसाबाई, ते सगळं खळ्यात उन्हाला घालायची, कसर झटकायची आणि वेखंडाचे नवे तुकडे टाकून परत भरायची. "हौसाबायचे पापड सुकतत," म्हणून शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या. तिने कधी एक चिठोरं हरवू दिलं नाही.

एकाच जातीचा कागद त्या पेटीत जात नसे. मयताची खबर द्यायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही; बाहेरच वाचायचं, तिथेच फाडायचं आणि अंघोळ करायची. त्यामुळे पेटीत लग्नं होती, बारशी होती, भाऊबंदांची भांडणंसुद्धा होती. मेलेलं मात्र कोणीच नव्हतं.

चोपन्न सालच्या कार्तिकात हौसाबाई तरीवरच्या, होड्या लागतात तिथल्या दुकानात गेली होती. पोस्टमन वाडीचं टपाल तिथेच ठेवून जाई. दुकानदाराने तिच्या हातात कार्ड दिलं, ते कोपरा फाटलेलं. तिचा थोरला भाऊ गिरगावात वर्षभर अंथरुणाला खिळला होता. "गेलो गो माझो भाव!" म्हणून ती तिथेच खाली बसली. मग कार्डाचे तुकडे करून तिने खाडीत सोडले आणि अंगावरच्या लुगड्यानिशी न्हाऊन घरी आली. कोणाकडून तरी वाचून घ्यावं हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वाचायचं तरी काय राहिलं होतं? आनंदीनेच तिला पेज करून घातली आणि तीन दिवस सुतकाचं सगळं पाहिलं.

दहाव्या दिवशी दुसरं कार्ड आलं, तेही कोपरा फाटलेलं. ते शाळेतले गुरुदास मास्तर घेऊन आले आणि खळ्याच्या कडेला उभे राहिले. हौसाबाई गुरांना गवत टाकायला गेली होती. लवूच्या खोलीतल्या महादूने लिहिलं होतं, "लवू बुधवारी पहाटे इस्पितळात वारला. तीन आठवडे तापाने होता. वहिनींना पहिल्या बोटीने पाठवा म्हणून मी कार्ड टाकलं होतं. बोट लागायच्या दर दिवशी तो विचारायचा, आनंदी इली काय. बाकी ईश्वराधीन."

मास्तर वाचता वाचता थांबले. खाडीत कोणतं कार्ड गेलं होतं ते त्यांनाही कळलं आणि आनंदीलाही. गिरगावातला भाऊ जिवंत होता. पहिल्या कार्डाचा कोपरा टपालाच्या थैलीत गेला असेल, भिजून गळला असेल, देव जाणे. आनंदीने रडण्याआधी एकच केलं. तिने मास्तरांच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं.

"मास्तरानु, आयेक ह्या सांगा नको. तो गेलो, इतक्याच सांगा."

पुढे बांगड्या, कुंकू, सगळं झालं. ते कार्ड मात्र तिने फाडलं नाही. लवूचं शेवटचं बोलणं त्यात होतं. ते कसं फाडायचं? रीत मोडून तिने ते घरात आणलं आणि पेटीच्या तळाशी घातलं. मुलगी सुगंधा शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर आनंदीही अक्षरं गिरवायला बसली. बायका काय काय बोलल्या. दोन वर्षांनी ती ते कार्ड स्वतः वाचू लागली, आणि मग पेटीतले बाकीचे कागदही. कराचीहून सासऱ्याने 'हौसाला नथ घेतली आहे' असं लिहिलं होतं ते म्हातारीला तिनेच पुन्हा वाचून दाखवलं. भाऊ जिवंत असल्याचं सासूला कळलं तरी खाडीत गेलेल्या कार्डाचा विषय तिने कधी काढला नाही. ती आनंदीशी फार मऊ वागायची. माशाचा चांगला तुकडा न चुकता आनंदीच्या ताटात पडे. विधवेची दया, असं आनंदी समजायची, आणि आपण म्हातारीला केवढ्या दुःखातून वाचवलंय याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

त्रेसष्टच्या चैत्रात हौसाबाई अंथरुणाला लागली. एका दुपारी तिने पेटी जवळ आणवली. आनंदी एकेक कागद वाचत गेली. परवान्यांची पोर्तुगीज काही केल्या लागेना, तेव्हा म्हातारी हसलीसुद्धा. मग म्हणाली, "आता तां खालचा वाच. कोपरो फाटलेला."

आनंदीला नाही म्हणायची सोय नव्हती. तिने कार्ड काढलं आणि वाचलं: लवू बुधवारी पहाटे इस्पितळात वारला, तीन आठवडे तापाने होता, बाकी ईश्वराधीन.

"मधला सोडलंस," हौसाबाई म्हणाली.

"नाय ओ आये. इतक्याच आसा."

"माका पाठ आसा गो. मास्तर वाची होतो तेवा मी गोठ्याच्या आडोशाक होतंय. सगळा आयकलंय." तिला धाप लागली. "नव वर्सां वाट बघलंय. आज बोलतलंस, उद्या बोलतलंस. तू माका एकदा तरी रागान बोलाक होया होतंस."

आनंदीला तिचा हात धरून म्हणायचं होतं, जाऊ द्या, तुमचा काय दोष. तोंडातून निघालं ते वेगळंच. जन्मात पहिल्यांदा तिने सासूला अगं-तुगं केलं.

"कोणाकडसून वाचून घेवक जमला नाय तुका? तरीवर चार माणसा होती! मी बोटीन गेलंय असतंय. माका तो जितो गावलो असतो!"

तिच्या ओरडण्याने परसातले कावळे उडाले. हौसाबाईने डोळे मिटले आणि मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "ह्याच."