शिळा झेंडू

आमच्या कॉलनीतल्या कलाकेंद्रात दसऱ्याच्या पुष्पप्रदर्शनाआधी कागदी फुलांचा वर्ग भरला, आणि मी इतके झेंडू वळले की अख्ख्या नाशकात क्रेप कागद मिळेना. बायको म्हणाली, "तुमच्या फुलांना माशीसुद्धा फसायची नाही."

तेव्हाच मी पैज लावली. एक तरी माणूस फसवीन, आणि तोही साधासुधा नाही, तुझी आई! सासूबाईंचा जन्म झेंडूच्या मळ्यात गेलेला. मैलावरून त्या फुलाचं वय सांगतात.

प्रदर्शनाच्या सकाळी मी टोपलीभर कागदी झेंडू मांडला, सासूबाईंना शेजारी खुर्ची दिली आणि चहा आणायला गेलो. परत येतो तर काय! शेजारच्या टेबलाखालची बादली ओढून सासूबाईंनी, बाजारात फुलं विकायला बसल्यासारखं, माझ्या टोपलीवर ओंजळींनी सपासप पाणी मारलेलं. फुलांचा पार लगदा झाला होता. केशरी रंगाचा असा लोंढा सुटला होता की थेट द्वारका चौकात रिक्षा तुंबल्या.

बायको पोट धरून हसत होती. मी रडवेला होऊन विचारलं, "आई, हे काय केलंत?"

"जावईबापू," पदराला हात पुसत सासूबाई कडाडल्या, "कुणी गळ्यात मारला हा माल? परवाचा शिळा हाय! जरा पाणी मारलं, तर सडलाच की!"

मी ताठ मानेने बायकोकडे वळलो. "ऐकलंस? शिळा म्हणाल्या. कागदी नाही!"