हिरोचा खोकला

सगळी वस्ती त्याला हिरो म्हणायची आणि त्या बावळटाला ते खरंही वाटायचं. त्याच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, आरसा एक आणि या मालकाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. समोरच सरकारी दवाखाना. खोकणाऱ्यांना तिथं बाहेर, उघड्यावरच्या बाकावर बसवत. गिऱ्हाईकाच्या गालाला साबण फासता फासता हिरो त्या बाकाची यथेच्छ टवाळी करायचा. कोण वाळलाय, कोण किती दिवसांचा सोबती.

मग तोच खोकायला लागला. दोन महिन्यांत शर्ट अंगावर लोंबायला लागला.

"अहो, समोर तर आहे दवाखाना," बायको म्हणाली. "रस्ता ओलांडायचा फक्त."

"त्या बाकावर मी बसू? उद्या दाढीला कुत्रं तरी येईल का? तूच जा. तुलाच होतंय म्हणून सांग. गोळ्या आण, मी घेतो."

धंदा बसेल ही त्याची भीती खोटी नव्हती, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर ती मुकाट्यानं गेली. डबीत बेडका त्याचा, कागदावर नाव तिचं. रिपोर्ट आला, टीबी.

आता तरी हा जरा ओशाळेल, असं तिला वाटलं. कसलं काय! सलूनमध्ये उसासे टाकत तो सांगू लागला, "आमच्या हिला झालाय. किती सांगितलं, जिवाला जप म्हणून." लोकांना दिसावं म्हणून तिचं ताट-भांडं दाराबाहेर वेगळं मांडलं. आणि रात्रभर त्याच खोलीत, तिच्या उशाशी ढास लागून खोकत पडला. तिला त्याची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती गोळ्या आणायला गेली. सिस्टरनं गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या, पुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"घरी नेते ना."

"घरी काही नाही. इथंच, माझ्यासमोर गिळायच्या."

तिनं गोळ्यांकडं पाहिलं. आपण धडधाकट असून हे गिळायचं, आणि तो तिकडं औषधावाचून मरणार. मरेना का, असंही क्षणभर वाटून गेलं. मग तिनं गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"मला काही झालेलं नाही, सिस्टर. तो बेडका माझ्या नवऱ्याचा होता."

"मग तो कुठंय?"

तिनं खिडकीतून बोट दाखवलं. "तो काय समोर. गिऱ्हाईकाच्या तोंडावर खोकतोय."