वाघ कोणी व्हायचं नाही

लुडो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला लुडो न देणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ सलीमभाऊंचं खेळण्यांचं दुकान होतं. अंगणवाडीसाठी चेंडू घ्यायला गेले होते, तर म्हटलं, "भाऊ, एक लुडो बी द्या जी. आमी पाच जनी हाव, दुपारच्याले खेळाले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन् खेळून झाल्यावर बोलता एकमेकीसंग?"

बोलत नव्हतो, हे त्यांना कसं कळलं देव जाणे. आमच्या पार्वताची सोंगटी मारली की ती पट उधळून उठायची आणि दोन दिवस नळावरही तोंड फिरवायची. सलीमभाऊंनी लुडो फळीवर परत ठेवला. "दोस्तायले दोस्तायसंग लढवाचा खेळ मी नाई विकत. हा न्या. यात सगळे मिळून जिंकते, नाई त सगळे मिळून हरते." डब्यावर बुडणाऱ्या बेटाचं चित्र होतं. मी म्हटलं, बेट कुठी पाह्यलं आमी? "बेट जाऊ द्या चुलीत," ते म्हणाले, "वैनगंगेचा पूर समजा. सगळ्यायले डोंग्यात बसवाचं हाय."

प्रत्येक टोळक्याला कोणता खेळ, हे ते माणसं बघून ठरवत. कॉलेजची पोरं आली की आग विझवायचा. नवरा-बायको आले की एकमेकांशी न बोलता पत्ते लावायचा; "तुमाले सवय असनच," असं वर म्हणायचे. माणूस हसत हसत पैसे द्यायचा. दुकान काही फार चालत नव्हतं.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा गेले. "भाऊ, चौघींचा खेळ द्या."

"पाचवी?"

शेवंताला वाघानं नेलं होतं, मोहफुलं वेचताना. मी सगळं सांगितलं. आमच्याकडे मोहाचं झाड ज्याचं त्याचं असतं, सासऱ्याकडून सुनेकडे आलेलं. पहाटे फुलं पडतात. गुरं, हरणं खाऊन जायच्या आत वेचावी लागतात. गावातून सगळ्या एकत्र निघतो, हाका मारत, आणि जंगलात शिरलो की जी ती आपापल्या झाडाखाली. वाकलेली बाई वाघाला जनावरच दिसते म्हणतात. शेवंताची हाक बंद झाली, तेव्हा आम्हाला वाटलं टोपलं भरलं असेल.

सलीमभाऊंनी त्या दिवशी काहीच विकलं नाही मला. पावसाळ्यात ते स्वतः बसनं गावात आले, पिशवीत प्लायवूडचा पट घेऊन. त्यावर मोहाची झाडं, पायवाटा, गाव. एक काळी सोंगटी. पार्वतानं ती उचलली, तशी त्यांनी हातातून काढून घेतली. "वाघ कोनी व्हाचं नाई. वाघ फाशावर चालन. तुमी चौघी टोपले भरून मिळून घरी या."

आणि काय सांगू, आम्ही रोज हरायचो! फासा पडला की जी ती आपल्या झाडाकडे. पटावरसुद्धा! सलीमभाऊ महिन्यातून एकदा यायचे, चहा प्यायचे, बघत बसायचे. उपाय सांगा म्हटलं तर मान हलवायचे. "हरा. इथी हरलं त पुना मांडता येते."

शेवटी पार्वताच चिडून ओरडली, "काऊन मराले जाता वेगवेगळ्या? चला साऱ्या माह्या झाडाखाली, फुलं वाटून घेऊ!" त्या दिवशी आम्ही जिंकलो. आणि पुढं मोहाचा हंगाम आला तेव्हा खरोखरच तसं केलं. आज एकीचं झाड, उद्या दुसरीचं. दोघी वेचणार, दोघी उभ्या राहून पाहणार. पहिल्यांदा मोहाच्या दिवसांत गावात कोणी रडलं नाही. सलीमभाऊंना वाटीभर सुकलेली फुलं दिली, तर माणूस लहान पोरासारखा हरखला.

पुढच्या वर्षी अवकाळीनं बहर झडला. फुलं चौघींत वाटली की एकीच्या पदरात मूठभर यायची. तिसऱ्या दिवशी पार्वता कोणाला न सांगता एकटीच आपल्या झाडाखाली गेली. टोपलं सापडलं, अर्धं भरलेलं.

सलीमभाऊ तेरवीला आले. पार्वताच्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा खेळ कुठी गेला होता जी?" मला त्या बाईचा राग आला. सलीमभाऊंना नाही आला. ते म्हणाले, "बराबर बोलून राह्यली ती. चूक माही हाय. माह्या पटावर साऱ्या झाडायले दरसाल फुलं यायची. भरल्या टोपल्यातलं कोनीबी वाटते, बाई." पट काखेत मारून ते बसला गेले.

दिवाळीनंतर तोच पट त्यांनी बदलून मुलाच्या हातून पाठवला. आता प्रत्येक डावात काही झाडं रिकामी निघतात, कोणती ते आधी कळत नाही. स्वतः का आले नाहीत विचारलं, तर मुलगा म्हणाला, छातीचं दुखणं आहे, जिना उतरवत नाही. थंडी सरायच्या आतच ते गेले. मी मातीला पोचू शकले नाही. दुकानाचं शटर बंद होतं, त्यापुढेच बसून रडून घेतलं.

आता आम्ही तिघी रोज दुपारी तो पट मांडतो. झाडं रिकामी निघाली की कोणीतरी एक हळूच आपल्या झाडाकडे सरकतेच. काल मीच सरकले. या बदललेल्या पटावर अजून एकदाही जिंकलेलो नाही. मोह फुलायला महिना राहिला आहे. काल हरलो तेव्हा पट उधळून उठणारी पार्वता नव्हती. आम्ही सोंगट्या गोळा केल्या आणि पुन्हा मांडल्या.