आधी जेवलेली माणसं

आमच्या घरच्या लग्नकार्यात माझ्यावर कुणी जबाबदारी टाकत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मी नवरदेवाच्या सख्ख्या मामाला मंडपवाला समजलो आणि वीस खुर्च्या उचलायला लावल्या. मामा सज्जन, त्यांनी उचलल्यासुद्धा. नंतर सोयरे आठ महिने आमच्याशी बोलत नव्हते.

म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नात मला उरलंसुरलं काम मिळालं. बँडवाले, फोटोवाले, मंडपवाले, भांडी घासणाऱ्या बाया, या सगळ्यांच्या जेवणावर लक्ष ठेवायचं. वडील म्हणाले, "एवढं तरी बराबर कर." लग्न भोकरदनला, मंगल कार्यालयात होतं.

आमच्याकडे ही माणसं जेवतात सगळ्यात शेवटी. तोवर बुंदी संपलेली असते, भात गार झालेला असतो आणि वाढणारे दमून खुर्चीत पसरलेले असतात. मी ठरवलं की आपल्या लग्नात ही माणसं सगळ्यांच्या आधी जेवतील. पेशानं मास्तर, त्यामुळे यादी केली. सकाळी साडेदहाला गरम पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी वाढली आणि यादीवर खुणा केल्या. बँडवाले अकरा, अकराच्या अकरा हजर. बँडमालक मला वाकून नमस्कार करून गेला. मी तर हवेतच. दिसेल त्या पाहुण्याला थांबवून सांगू लागलो की माणुसकी म्हणतात ती ही.

मुहूर्त साडेबाराचा. लग्न लागलं तीनला. त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

बँडमध्ये एक म्हातारे सनईवाले होते. वरात येताना वाजवलं, अक्षता पडताना वाजवलं, आणि नंतर शेवटची पंगत बसेस्तोवर दाराशी बसून वाजवत राहिले. चार वाजून गेले होते. मी बुंदीची बादली घेऊन शेवटच्या पंगतीत फिरत होतो, तेवढ्यात ते आले, सनई कापडात गुंडाळून मांडीजवळ ठेवली आणि पाहुण्यांच्या ओळीच्या टोकाला बसले. त्यांच्यापुढं पत्रावळ पडली होती. मी वाढायचं सोडून थांबलो. यादी मला पाठ होती.

"काका, सकाळची पंगत जिरली का एवढ्यात?"

मी मोठ्यानं बोललो. वर्गात बोलतो तसा, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. सगळी ओळ हसली. कुणीतरी म्हणालं, फुंकर मारून भूक लागली असंल. म्हातारेही हसले. पत्रावळ शेजारच्याकडे सरकवली, सनई उचलली, उठले. मला वाटलं, चला, गंमत कळणारा माणूस आहे.

टेम्पोत ढोल चढवताना ढोलवाल्यानं मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, बाबा सकाळी जेवलेच न्हवते. बसले आमच्यासंगं, पण पोट भरलं की दम पुरत न्हाई सनईला. वाजवायच्या दिवशी ते आधी कधीच जेवत न्हाईत."

मी अकरा डोकी मोजली होती. अकरावं ताट कोरडं होतं, ते पाहिलं नव्हतं.

धावत पुढं गेलो. म्हातारे ड्रायव्हरशेजारी बसले होते. हात जोडले, चला म्हणालो, मी स्वतः वाढतो. ते शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लेकीचं लग्न चांगलं झालं तुमच्या घरचं." टेम्पो गेला. बहिणीची पाठवणी व्हायची होती, मी त्याआधीच रडत होतो. बायका म्हणाल्या, भावाचा जीव बघा किती.

वर्षभरानं केदारखेड्याला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेलो. दारातच सनई ऐकली आणि ओळखली. या खेपेला मी काहीच चुकणार नव्हतो. अक्षता झाल्या, त्यांचं वाजवून झालं, तसं मी स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं. पुरी, भाजी, जिलबी. शोधत मंडपामागं गेलो.

ते टेम्पोच्या सावलीत बसले होते. पुढ्यात फडकं, फडक्यावर ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी भाकरी खाऊन झाली होती.

मी ताट पुढं केलं. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांत दिसलं.

"मी घरूनच आणतो आता, गुरुजी. बरं पडतं. कुणाला आठवण ठेवावी लागत न्हाई."

मी म्हणालो, माझं चुकलं, त्या दिवशी चार लोकांत बोललो. ते म्हणाले, "तुमचं मनात धरलं न्हाई. मी बी हसलोच की."

तेच मला सोसलं नाही. रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो. बोलायला मला कमी पडत नाही कधी.

मी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. एवढाच. अन्नाचा मान म्हणून. माझा नव्हे. मग उरलेली भाकरी सावकाश खाल्ली, तांब्यातलं पाणी प्यायले, फडकं झटकून चार घड्या घातल्या. मी तोवर भरलं ताट धरून तिथंच उभा होतो, आणि त्यांनी मला बसा म्हटलं नाही.