लेकीच्या गावात लॉजवर

मुंबईत सख्खी लेक, आणि आम्ही दोघी लॉजवर! गल्लीत कळलं तर लोक हसतील, असं मी पानबाईला गाडीतच म्हटलं होतं. ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली. पाचोरा गेलं, चाळीसगाव गेलं, बाई काही तोंड उघडेना.

पानबाई म्हणजे आमच्या जळगावच्या गल्लीतली कापडवाली. नवरा दलिचंद शेठ अवेळी गेले, तेव्हापासून दुकानाच्या गादीवर हीच. मारवाड्याची बाई गादीवर बसते म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. हिने कुणाला भीक घातली नाही. एकुलत्या तारादेवीला वाढवलं आणि काळबादेवीत चांगलं घर बघून दिलं. मी द्रौपदा, तिची शेजारीण. एकटीला मुंबईचा धीर होईना म्हणून मला ओढून नेलं.

अडुसष्ट सालचा उन्हाळा. पाचव्या महिन्यात ताराचं मूल पोटातच गेलं, आणि तिने अंथरूण धरलं. सासूचा निरोप आला, पोरगी अन्नाला शिवत नाही, तुम्ही येऊन समजवा. सासू बिचारी चांगली होती, आमच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. पण पानबाईच्या घराण्यात लेकीच्या घरचं पाणी कधी कुणी घेतलेलं नाही. जिथं पाणी घ्यायचं नाही तिथं मुक्काम कसला करणार? म्हणून मागच्या गल्लीतला लॉज.

लॉज कसला, खुराडं मेलं! दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत, तीही छताला न टेकलेली. पलीकडचा व्यापारी खोकला की माझी छाती दुखायची. खाली हातगाडीवाल्यांची बोंबाबोंब. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करायचा. जळगावचं ऊन काय थोडं असतं? पण तिथं माणूस असा चिकट होऊन पडत नाही.

सकाळी लॉजच्या नळावर पानबाई पाणी गाळून घ्यायची, फिरकीच्या तांब्यात भरायची आणि तो तांब्या घेऊन ताराच्या घराचे चार मजले चढायची. लेकीच्या उशाशी बसून स्वतःच्या तांब्यातलं घोट घोट प्यायची. तांब्या संपला की पुन्हा खाली, पुन्हा लॉज, पुन्हा वर. मी त्या घरात खुशाल चहा प्यायचे. माझी कुठे लेक ती? तरी नुसत्या जिन्याने माझ्या पोटऱ्या भरून आल्या. ती तर साठीला टेकलेली.

"अक्का, जिवाला एवढा छळ कशाला?" मी म्हटलं.

"रीत आहे, द्रौपदे. तू गप बस."

तारा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आईने घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. एका दुपारी मात्र फाडकन बोलली, "तू माझ्या घरचा थेंब घेत नाहीस, मग मी तुझ्या हातचा घास का घेऊ? माझं पोर गेलं, मां. आणि तू परक्यासारखा तांब्या घेऊन येतेस. माझं म्हणून आहे कोण?"

पानबाईने तांब्याची फिरकी घट्ट लावली. मला रडू आलं आणि रागही आला, दोघींचाही.

दुसऱ्या दिवशी लॉजचा नळ कोरडा. पानबाईने सकाळपासून घोट घेतला नव्हता, तरी भर दुपारी जिना चढायला लागली. वरच्या मजल्याच्या अलीकडे ती मटकन खाली बसली. डोळे पांढरे. मी जी बोंब ठोकली, ती ऐकून दार उघडलं आणि आली कोण? तारा! केस सुटलेले, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पेला.

"पी," म्हणाली.

पाणी पायरीवर सांडत होतं. पानबाईने क्षणभर तिच्याकडे बघितलं, पेला घेतला आणि सगळा रिकामा केला. मी म्हटलं, सुटलो एकदाचे! तर बाईने कमरेची पिशवी सोडली, रुपया काढला आणि पेल्यात टाकला. घेतलंच पाणी तर मोल द्यायचं, म्हणजे दोष लागत नाही, अशी त्यांच्यात समजूत.

तारा त्या पेल्याकडे बघतच राहिली. "मां, मी काय लॉज चालवते?"

आणि जी रडली म्हणता! पोर गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, हे मला सासूने मागाहून सांगितलं. पायरीवर बसून हंबरडा फोडला तिने. वरखालची दारं उघडली, माणसं डोकावली. पानबाईने तिला जवळ ओढलं आणि तीही रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, दलिचंद शेठ गेले तेव्हासुद्धा.

बऱ्याच वेळाने तिने रुपया उचलून पिशवीत ठेवला आणि पेला लेकीपुढे धरला.

"अजून आण. घसा सुकलाय. आणि खिचडी टाकायला सांग सासूला, दोघींची."

मी वळकटी आणायला लॉजवर गेले.