आतली कडी

आमच्या बँकेची चुडाव्यातली शाखा पूर्वी एका आडत दुकानाची जागा होती. मागे एक बिनखिडकीची खोली. तिथं आधी ज्वारी ठेवायचे, आता जुनी कागदपत्रं होती. आत गेलं की अजून ज्वारीचा कोमट वास यायचा आणि मला उगाच झोप यायची.

एकदा परभणीहून पोलीस अधिकारी आले. बंदूक घेऊन कुणी आत शिरलं तर काय करायचं, हे शिकवायला. वाट मोकळी असेल तर पळा, नसेल तर लपा, दार लावून घ्या, मोबाइल गप्प करा. आम्ही माना डोलावल्या. आमच्याकडे दारात माणूस आला की 'या, बसा' म्हणतात. दार लावायचं आम्हाला शिकवावंच लागणार होतं.

त्या दिवसांत शेजारच्या काउंटरवरच्या ताई आणि मी, दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण पंखा. उन्हाळ्यात त्यांनी तो स्वतःकडे फिरवला, मी माझ्याकडे, आणि आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सुरू झालं. मी रागीट आहे आणि राग जपून ठेवणंही मला चांगलं जमतं.

दुपारी तालमीची शिट्टी झाली. लाकडी बंदूक घेतलेला एक पोलीस पुढच्या दारातून आला आणि आम्ही सगळे मागच्या खोलीत शिरलो. मॅनेजरसाहेबांनी दार ओढलं, तेव्हा कळलं की त्याला आतून कडीच नाही. ज्वारीला कुठं आतून कडी लावायची असते?

ताई उठल्या. "कडी भायेर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला तरी भायेर ऱ्हावंच लागंल. तुमी बसा." आणि बाहेर जाऊन त्यांनी कडी घातली.

अंधार झाला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती, तिच्यात धूळ सावकाश तरंगत होती. लांबून रेल्वेगाडी आली, बराच वेळ जात राहिली. सगळं खोटं आहे हे माहीत होतं, तरी मला वाटायला लागलं, की आम्ही पाण्याखाली बसलोय आणि ताई वर काठावर एकट्या आहेत. बुटांचा आवाज दाराशी येऊन थांबला.

"या बाई गेल्या समजा," बाहेर अधिकारी अगदी साध्या आवाजात म्हणाले. मला रडू आलं.

कडी निघाली तेव्हा ताई पदरानं घाम पुसत होत्या.

"तुम्ही कशाला गेलात?" मी विचारलं. उन्हाळ्यानंतरचं आमचं पहिलं बोलणं.

"सारे नुसते दाराकडं बघायलेत," त्या म्हणाल्या. "बघून कडी लागती का?"

मग मी मॅनेजरसाहेबांचा असा पिच्छा पुरवला, की सुताराला बोलावून त्यांनी आतून कडी बसवून घेतली. पंखा मी ताईंकडे फिरवला. त्यांनी तो मधोमध आणला.

पुढच्या तालमीला शिट्टी झाली तेव्हा गुडघेदुखीनं ताई मागे राहिल्या. "दार लावा, दार लावा," आतून सगळे म्हणायला लागले, शिकवलं होतं तसंच. मी दार धरून उभी राहिले. त्या संथपणे चालत आल्या, जशा काही स्वप्नातच चालत होत्या. आत आल्या, मग मी कडी लावली.

"येडी हाईस का गं?" अंधारात त्या कुजबुजल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

"उशीर केलात. एकीसाठी सगळे गेले असते," अधिकारी नंतर म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पुढच्या वेळीही मी दार धरणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.